शाळेच्या फाटकातले सशस्त्र आजोबा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने शाळेच्या दारात स्वतःचं किती हसं करून घ्यावं!

नेदरलँड्समधल्या या फेल्डहोवन गावी येण्याआधी आम्ही अमेरिकेत, टेक्सासात होतो. तिथे लोक शर्टाखाली पिस्तूल खोचून दूध-ब्रेड आणायला जातात, तेही कायदेशीर! शाळेत न्यायला मात्र बंदी. त्यामुळे शाळेच्या दारात दिसेल त्याच्या कमरेकडे निरखून बघायची मला सवयच लागली. बायको म्हणायची, "अहो, लोकांना वाटेल शिंपी आहात!"

इथे कुणालाच असं पिस्तूल खोचून हिंडता येत नाही. मला ठाऊक आहे हो! पण डोळ्यांना कोण सांगणार?

तर एका बुधवारी आमच्या सईला, म्हणजे लेकीला, शाळेत सोडायला गेलो. फाटकाशी एक ताडमाड डच आजोबा उभे. लांब कोट. आणि कोटाखाली, कमरेला, हा एवढा फुगवटा! वर काळी मूठ डोकावतेय.

चहूकडे चिल्लीपिल्ली! सईला पाठीशी घातलं आणि गेलो पुढे.

"सर, कोटाखालचं ते... शाळेजवळ चालतं?" मी इंग्रजीत विचारलं.

"हे?" आजोबांनी कोटावर प्रेमाने थोपटलं. "मुलांसाठीच तर आणतो!"

मी सईला आणखी मागे ढकललं.

"लायसन्स आहे?"

"याला कसलं लायसन्स?" आजोबा खो खो हसले. "गेल्या बुधवारी तर पोरांची रांग लागली होती. एकेकाला घेतलं. हात भरून आला माझा!"

बाप रे! मला समोरचं फाटक दोन दोन दिसायला लागलं.

"थांबा, दाखवतोच," म्हणत त्यांनी कोटात हात घातला.

"नको!" मी किंचाळलो आणि दोन्ही हात वर.

बाहेर काय आलं? पंप! सायकलचा पंप! आजोबा नातवाला सोडायला येत आणि येता येता सगळ्या पोरांच्या चाकांत हवा भरून देत.

माझे हात अजून वरच. आजोबांनी बावचळून सईला डचमध्ये काहीतरी विचारलं. सईने गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं. आजोबांचा चेहरा एकदम उजळला.

"काय सांगितलंस गं?"

"दॅट यू आर डूइंग योगा, बाबा."

पोरीने बापाची अब्रू राखली! मला अगदी भरून आलं. तिथेच जवळ घेतलं तिला.

पण पुढच्या बुधवारी बघतो तर काय, फाटकाशी आजोबा, त्यांचा नातू आणि झाडून सगळी पोरं दोन्ही हात वर करून उभी! "नमस्ते, योगा मास्टर!"

आता दर बुधवारी वर्ग घेतो मी तिथे. आणि खरं सांगू? मला वाकून स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नाही.