मानेवरचा गारवा

देंगवासचं आयुष्य दगड रचण्यात गेलं. सगादाच्या डोंगरात भातखाचराचा बांध ढासळला की त्याला बोलावणं यायचं. कुणी मेलं की प्रेताच्या पेट्या टांगायच्या कड्यापर्यंत वाहून न्यायलाही त्याचीच पाठ लागायची. जिवंत माणूस मात्र त्याने एकदाच वाहिला. आपली आत्या, तायाबेन.

खालच्या गावातल्या दवाखान्याने हात टेकले होते. रस्त्यावर दरड आलेली. म्हातारीचा जीव घरातच जायला हवा होता. वाटेत गेला, तर गावच्या रिवाजाप्रमाणे तिला घरात मृताच्या खुर्चीवर बसवणार नव्हते, आणि कड्यावर नवऱ्याशेजारी तिची पेटीही टांगणार नव्हते. देंगवासने तिला घोंगडीत गुंडाळून पाठीशी बांधलं आणि खाचरांमधून वर निघाला. पुढे त्याचा मेहुणा कपावेन.

“दाजी, या बांधावरून या. निम्मी वाट वाचेल.”

बांधाचं पोट फुगलं होतं. दगडांच्या फटींतून गढूळ पाणी येत होतं.

“तुला पेलेल तो. आम्हा दोघांना नाही. वरून वळसा घे.”

“वळशात म्हातारी संपेल!”

“आणि बांधासकट खाली गेली तर?”

“भांडा, भांडा,” पाठीवरून आवाज आला. “मला कुठे घाई आहे!”

चढ उभा होता. गुडघा ठणकत होता. देंगवास टेकला नाही. उतरवलेलं ओझं पुन्हा उचलायला दुप्पट ताकद लागते. गाव दिसू लागलं आणि आत्याचं कण्हणं थांबलं. त्याने हाक मारली. उत्तर नाही. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर लोळत होतं.

दारात गावचे म्हातारे उभे होते.

“श्वास आहे का रे?”

“आहे म्हणा,” कपावेन कानाशी कुजबुजला. “कोण बघतंय?”

देंगवासला कळेना. स्वतःच्याच धापेत सगळं बुडालं होतं. त्याने तोंड मिटलं, नाक दाबून धरलं. छाती फुटायला आली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मानेवर काहीच नाही. अजून काहीच नाही. मग घामेजल्या कातडीवर बारीकसा गारवा आला. विरला. पुन्हा आला.

“आहे,” तो म्हणाला आणि वाकून आत शिरला.

पहाटे ती गेली. तिला खुर्चीवर बसवल्यावर कपावेनने हळूच विचारलं, “श्वास नसता, तर काय म्हणाला असतात?”

“नाही म्हणालो असतो.”

“आणि मग?”

“तिला घेऊन बाहेर बसलो असतो.”