घाईमिस्त्रीची चूक

त्याला सगळे घाईमिस्त्री म्हणत, कारण घाई त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. सकाळी गाडीखाली शिरलेला हा माणूस संध्याकाळी तिथूनच विचारायचा, "किती वाजले गं?" गं म्हणजे मी. त्याच्या गॅरेजसमोर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्या चोखंदळपणाचा ताप सगळ्यांत जास्त मलाच. रबराचा साधा बुश घ्यायचा तर तो दाबून, वाकवून, उजेडात धरून बघायचा. मी म्हणायचे, "मिस्त्री, बुश घेताय की सून बघताय?"

त्याच्याकडे जुन्या, गोल दिव्यांच्या गाड्या येत. काम कोणीही करो, शेवटी प्रत्येक नटावरून बोट फिरायचं ते त्याचं. पुढच्या चाकांचं तर विचारूच नका. चाक ज्या बॉल जॉइंटवर तोललेलं असतं, त्याच्या नटातून एक स्प्लिट पिन आरपार घालायची आणि तिचे पाय वाकवायचे, म्हणजे खड्ड्यांत आपटून नट सुटत नाही. बोटभर पिन. मी त्या मूठभर फुकट देऊन टाकते.

मुलगा त्याच्याच हाताखाली तयार झाला. स्वतःची गिऱ्हाइकं झाली, तरी मागे बापाचं बोट होतंच. एकदा माझ्या देखत तो भडकला, "बाबा, मी काय दूधखुळा आहे? सगळ्यांसमोर माझ्यामागे बोट फिरवता!" त्यानंतर एका डॉक्टरांची जुनी गाडी आली, तिला त्याने हात लावला नाही. पुढचं सगळं सस्पेन्शन पोराने एकट्याने बांधलं. बापाने फक्त विचारलं, "पिना घातल्यास?"

"घातल्या."

दुसऱ्या दिवशी पोरगा गाडी फिरवून बघायला घेऊन गेला. उतारावर पुढचं चाक आडवं झालं आणि गाडी भिंतीत घुसली. तो जागच्या जागी गेला.

लोकांनी निकाल लावून टाकला. वेगात असणार, तरुण रक्त, दुसरं काय! मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, हे लोकांच्या फार सोयीचं असतं. डॉक्टर म्हणाले, गाडी भंगारात घाला. मिस्त्री म्हणाला, "मी बांधणार." मला त्याने खरं कारण सांगितलं. पोरगा कशाने गेला, ते त्याला बघायचं होतं.

मी दिवा धरून उभी होते. उजवीकडे सगळा चेंदामेंदा, काही कळायला मार्ग नव्हता. मग तो डाव्या बाजूला गेला. तिकडचं चाक धड होतं. त्याने हात पुढे केला, मी पाना दिला, पण पाना लागलाच नाही. नट बोटांनीच फिरला. पिनेचं भोक रिकामं होतं.

त्याने त्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पिना मी विसरलो."

"तुम्ही? तुम्ही तर गाडीला हातही..."

"नट मी आवळले, पिना मी विसरलो. कोणी विचारलं तर हेच सांगायचं. माझी शपथ आहे तुला."

मला असा संताप आला की दिवा तिथेच आपटावा. मेलेल्याचं नाव राखायला जिवंत माणसाने खड्ड्यात उडी घ्यायची, हे कुठलं शहाणपण? पण त्याचा चेहरा बघून मी दिवा तसाच धरून ठेवला.

त्याने आधी घरी सांगितलं, मग चौकात. गिऱ्हाइकं पांगली. ज्याच्या हातून पोटचं पोर गेलं, त्याच्या हाती गाडी कोण देणार? वहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, आपल्या बहिणीकडे निघून गेल्या. शेजाऱ्यांनी त्यांच्या तोंडी नाही नाही ते शाप घातले. मी तरी त्यांना ब्र काढताना ऐकलं नाही.

मिस्त्री गाडी बांधत राहिला. नवे आर्म, बुश, स्प्रिंगा माझ्याकडूनच नेल्या. स्प्रिंग दाबून बसवताना निसटली तर छाती फोडते, म्हणून त्या कामाला दोन माणसं लागतात. त्याने ती एकट्याने बसवली. मी ओरडले, तर म्हणाला, "निसटली तर निसटली." बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पडल्यावरच आवळले, नाहीतर रबर पिळून फाटतं. तेवढं भान शाबूत होतं. जेवणाचं नव्हतं.

एक दिवस वहिनी दुकानात आल्या. समोरच्या शटरकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"कसे आहेत?"

"काठीवर सदरा टांगावा तसे. वहिनी, तुम्ही परत या. आणि ती शपथ गेली चुलीत, मी सांगते तुम्हाला, त्या गाडीला मिस्त्रींनी..."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आदल्या रात्री जेवताना पोरगाच सांगत होता. आई, आज बाबांना हातसुद्धा लावू दिला नाही, सगळं मी केलं. इतका खूश होता. दोनदा भात मागून घेतला."

"मग तुम्ही गेलात कशाला?"

"राहिले असते तर एखाद्या दिवशी खरं तोंडातून निघून गेलं असतं. पोराला वाचवायला यांच्याकडे आता एवढंच उरलंय. ते मी कसं काढून घेऊ?"