आबांच्या पराभवाचा मणी

“मॅडम, खोटा हाय एवढंच लिवा. बाकी तुमी कायबी लिवा.”

आबासाहेबांनी टेबलावर मणी ठेवला आणि रिपोर्टही स्वतःच सांगून टाकला. नगरमधल्या आमच्या लॅबमध्ये लोक खडे आणतात, आम्ही ते काय आहेत ते सांगतो. निकाल घरूनच घेऊन येणारं गिऱ्हाईक विरळा.

आबा राहुरीकडचे. मोठी शेती, स्वतःचा तेलाचा घाणा. साखर कारखान्याच्या संचालकपदाला उभे राहिले, तेव्हा ज्योतिषी म्हणाला, अस्सल अंबर गळ्यात घाला, गुलाल तुमचाच. आबांनी घातला आणि सपाटून पडले. खुद्द त्यांच्या गावानंच मतं दिली नव्हती. हे एक कारण सोडून आबांनी बाकी सगळी तपासली. शेवटी दोष मण्यावर गेला आणि मण्यावरून तो विकणाऱ्या सराफावर.

ते सराफ, दत्तूनाना, शेजारच्याच खुर्चीत अंग चोरून बसले होते. दुकान वडिलांपासूनचं. आबांनी भर चौकात “नानानं खोटा मणी गळ्यात मारला” असं सांगितल्यापासून लग्नाचे दागिने करायला कुणी येईना. नाना एवढंच म्हणाले, “ताई, खोटा निघाला तर मी दुकान बंद करतो.” मला आबांचा रागच आला.

अंबर म्हणजे खरं तर दगड नव्हे. झाडाचा चीक कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडला जाऊन कडक होतो, तो अंबर. त्यातला फिकट, गढूळ माल दाबाच्या भांड्यात तापवला की त्याला रंग आणि चकाकी येते. प्रेशर कुकरच म्हणा. असा माल म्हणजे ट्रीटेड. तो नैसर्गिक म्हणून विकणं ही फसवणूक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून इन्फ्रारेडचं मशीन लागतं. इन्फ्रारेड म्हणजे न दिसणारा, ऊब म्हणून जाणवणारा प्रकाश. प्रत्येक पदार्थ त्यातला आपापला भाग गिळतो आणि मशीन त्याचा ग्राफ काढतं. न तापवलेल्या अंबरच्या ग्राफमध्ये एका ठरावीक जागी बारीक टोक असतं. तापवलं की ते बसतं.

मी मणी घेऊन आत गेले, तर लॅबचे मालक मागोमाग आले.

“मोठी असामी आहे. जरा सांभाळून घ्या.”

“सर, तसं मशीनला सांगू का?”

सर चहा सांगायला गेले.

ग्राफ आला. मण्यावर तेल होतं, तेही चांगलंच. अंबर तेलात तापवून स्वच्छ करण्याचीही एक जुनी रीत आहे. तसं झालं असेल तर नानांचं दुकान गेलं. पण ते बारीक टोकही अंधुक दिसत होतं. मी बाहेर आले.

“आबा, मण्याला तेल लागलंय का?”

“लागलंय? आवो, बुडवून ठिवतो! दर शनवारी शिंगणापूरला देवाला तेल घालतो, मग घरी येऊन मन्याला. त्याला बी देवाची किरपा नको व्हय?”

ट्रीटमेंट खुद्द मण्याचे मालकच करत होते. मी दोरा कापला, मणी सौम्य साबणाच्या पाण्यानं धुतला, भोकासकट पुसून कोरडा केला आणि पुन्हा मशीनवर ठेवला. तेल गेलं. टोक ताठ उभं राहिलं. अंबर नैसर्गिक, न तापवलेला.

नानांनी टोपी काढली आणि डोळे पुसले. आबांचा चेहरा मात्र दुसऱ्यांदा निकाल लागल्यासारखा झाला.

“म्हंजी खरा हाय?”

“खरा आहे.”

“मग मी पडलो कशानं?”

“ते या मशीनमध्ये येत नाही.”

सरांना चहाचा ठसका लागला. आबा एकदम खुलले.

“तेल! तेलानंच मन्याचा गुन मारला. भेसळीचं असनार ते. मॅडम, तेल तपासता येतं का हितं?”

“येतं.”

“मग तपासाच. ज्यानं दिलं त्याचं नाव उद्या चौकात घेतो.”

नानांनी टोपी परत डोक्यावर चढवली आणि शांतपणे विचारलं, “आबा, तेल कुठलं होतं?”

 आबा खिडकीकडे बघत म्हणाले, “आमच्याच घान्याचं.”

ती टेस्ट काही झाली नाही. नानांनी रिपोर्ट फ्रेम करून दुकानात लावला आणि गिऱ्हाईक परत येऊ लागलं. आबांनी ज्योतिषी बदलला, असं ऐकते. मी मात्र एक नियम करून घेतला आहे. नमुना आधी धुवून घ्यायचा. गिऱ्हाईक आहे तसंच घ्यावं लागतं.