बाजूवाल्या काकांचा अंधार

प्रताप नगरात आमच्या बाजूले एक काका राहत होते. दवाईच्या शिशीची चिमणी, मेणबत्ती, रेतीचा डबा, सारं त्याईनं दाराजवळ मांडून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी डोळे मिटून घरभर फिरत अन् बरोबर काडीपेटीवर हात ठेवत. मी बी एकदा तसं करून पाह्यलं, तर हात सीधा वरणात गेला.

आमच्या घरी आले की चहाच्या आधी विचारत, "काडीपेटी कुठं ठेवली गा?" मले वाटे, म्हाताऱ्याले बिडी ओढायची असन.

एका संध्याकाळी वादळात लाईन गेली अन् माय मोरीत पडली. ते कण्हून राहिली होती अन् मी काडीपेटी शोधता शोधता हंड्यावर आदळलो. तेवढ्यात काका आत आले, सीधे फळीजवळ गेले अन् आमचीच काडी ओढली. मायच्या कपाळातून रक्त येत होतं. त्याईनं फडकं दाबून धरलं.

रक्त थांबल्यावर मी विचारलं, "काका, अंधारात तुमाले दिसलं कसं जी?"

"दिसलं नाही. तुह्या घरी रोज काहून येतो मी? चहा तर तुहा पाणचट राह्यते."

तवापासून लाईन गेली की बायको मले म्हणे, "तुमी बसूनच राहा जी. काकाले येऊ द्या."