पाट्यासाठी घेतलेलं वजन

सकाळची पहिली गडबड सरली होती. डबा गेला होता, कुकरची वाफ जिरत होती आणि मी खिडकीशी दुसरा चहा घेऊन उभी होते. चौदाव्या मजल्यावर राहायला आल्यापासून लागलेली ही सवय. खाली लालबाग धुरकट उजेडात पसरलेलं असतं, घारी आपल्या पायांखालून फिरतात, आणि लांबवर समुद्राची पट्टी दिसते न दिसते. अशा वेळी आपण कुठल्या घरात, कुठल्या वर्षात उभे आहोत हे क्षणभर नीट आठवत नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल नाही, थाप. चाळ पडून टॉवर झाला तरी आमच्या मजल्यावर दार अजून हाताने वाजवणारं माणूस एकच.

"सीमा, उघड गो."

समोरच्या शेवंतीमावशी. आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "विमानात वजन विकत मिळतं म्हणे?"

"वजन?"

"सामानाचं गो. माझ्या निलेशने तिकीट काढलंय त्यात तीस किलो आहे. माका जास्त पायजे."

"मोबाईलवर मिळतं. पण तीस पुरत नाहीत? लेकीच्या बाळंतपणाला चाललाय, दुकान टाकायला नाही."

"डिंक, आळीव, कपडे, सगळं तिसात बसलंय." मावशी डायनिंगच्या खुर्चीवर एका बाजूने टेकल्या. अजूनही त्यांना खुर्ची म्हणजे कुणाची तरी वाटते. "पाटा बसत नाय."

मावशींना ओळखायचं तर त्यांच्या पाट्यापासूनच सुरुवात करावी लागते. मालवणकडून लग्न होऊन त्या परळच्या आमच्या चाळीत आल्या. नवरा जयवंत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. गावी बायकामुलं ठेवून आलेली त्यांच्या खात्यातली माणसं एकेक करून जेवायला येऊ लागली आणि मावशींच्या दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ सुरू झाली. एवढ्या माणसांचं वाटण घरच्या लहान पाट्यावर होईना, म्हणून जयवंतरावांनी भायखळ्याहून हा पाटा खांद्यावर घालून आणला. वाटेत जागोजागी तो फूटपाथवर टेकवून त्यांनी इतक्या विड्या ओढल्या, की पाट्यापेक्षा विड्या महाग पडल्या, असं मावशी सांगतात.

संप झाला, गिरण्या बंद पडल्या, खानावळ मिटली. पुढे जयवंतराव गेले. पाटा चालूच राहिला. ऑफिसला जाणाऱ्या बायकांना मावशी ओल्या खोबऱ्याचं वाटण वाटून द्यायच्या. संध्याकाळी जिना चढताना वासावरून कळायचं, आज मावशींकडून कुणी वाटण नेलंय आणि कुणाच्या घरी बांगडे आलेत. आम्ही टॉवरमध्ये आलो त्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मावशी बसल्या होत्या आणि वरवंटा त्यांच्या मांडीवर होता.

त्या वरवंट्याला आणखी एक काम होतं. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला तेल लावून आंघोळ घालायची, कुंची चढवायची, काजळाची तीट लावायची, आणि देवाची नावं घेत पाळण्याच्या खालून-वरून एका बाईने दुसरीच्या हाती द्यायचा. बाळ दगडासारखं दणकट व्हावं, दृष्ट लागायची ती दगडाला लागावी. चाळीत वरवंटे घरोघर होते, पण बारशाला मावशींचाच मागायला यायचे. रोजच्या वाटण्याने तो मधोमध झिजून असा गुळगुळीत झालेला, की हातात घेतला तर जडही वाटायचा आणि मऊही. माझ्या अक्षताच्या बारशाला मी बाळंतपणाच्या गुंगीत भिंतीला टेकून बसले होते. पाळण्यापलीकडून या हातातून त्या हातात जाणारं ते कुंचीतलं सावळं काहीतरी पाहिलं आणि मला खरंच वाटलं, की हे आधी आलेलं मूल आहे. माझ्या मुलीला जागा करून देऊन आता निघालंय.

मजल्यावरच्या सगळ्या पोरांची बारशी त्याने केली. निलेशच्या दोन्ही मुलांची केली. राहिली होती त्याची बहीण मेघना. तिचं लग्न उशिरा, मूल त्याहून उशिरा, आणि तेही डब्लिनला.

"निलेश काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो, आई, आयर्लंडात दगड नायत काय? उतरलीस की रस्त्यावरचा एक उचल आणि घाल कुंची." मावशींनी चहाची कपबशी जवळ ओढली. "मेघना मात्र फोनवर हसली नाय. मग हळूच म्हणाली, आई, तू खरंच आणशील?"

"मग वरवंटा तेवढा न्या ना. तो तिसातच बसेल."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी रस्सा पाणी घालून वाढवायला सांगितला होता.

"पाटा आई, वरवंटा लेकरू. लेकराला आईपासून सोडवून एकटंच परदेशात धाडू? आणि बाळाच्या पाचवीला पुजू काय, पाट्याशिवाय? शिकलीस एवढी, तरी असं बोलतेस."

मग बाथरूममधला वजनकाटा घेऊन आम्ही समोर गेलो. काट्यावर दगड ठेवला की आकडाच दिसेना. मावशींनी वरवंटा पंच्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि काट्यावर चढल्या. मग तो माझ्याकडे दिला आणि एकट्या चढल्या. त्या पुढे झुकून आकडा वाचेपर्यंत मी त्याला नकळत खांद्यावर घेऊन थोपटत होते. मावशींनी पाहिलं आणि पंच्याचं सुटलेलं टोक खोचलं. पाट्याच्या वेळी मात्र मीच काट्यावर चढले, त्याला कवटाळून, आणि मावशी मागून ओरडत होत्या, "पाडशील! वाकू नको! पोट आत घे!"

परत माझ्याकडे येऊन विमान कंपनीचं पान मोबाईलवर उघडलं. त्यावर एक निळी बॅग, आणि तिच्याखाली पाच, दहा, पंधरा असे चौकोन. मावशींनी चष्मा लावला.

"पंधरावर बोट मी ठेवू?"

"ठेवा. हळू."

त्यांनी अनामिकेने दाबलं, कुंकू लावावं तसं. चौकोन हिरवा झाला. कार्ड माझं वापरलं. वाटणाचे जमवलेले पैसे त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवले आणि मी नाही म्हणायच्या आत वर वाटी पालथी घातली.

"म्हणजे आता आभाळात आपली पंधरा किलोची जागा झाली?"

"झाली."

"कुणी दुसरं नाय ना बसणार तिथे?"

"नाही हो. तुमच्या नावावर आहे."

त्या खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. आभाळात त्या वेळी काहीच नव्हतं, पांढऱ्या उजेडाशिवाय.

पुढचे दिवस मावशी अर्ध्या इथे आणि अर्ध्या कुठेतरी होत्या. दुपारी येऊन बसायच्या आणि मधेच विचारायच्या, "विमानाच्या पोटात काळोख असेल ना गो? असू दे. दोघं बरोबर आहेत." एकदा त्यांना स्वप्न पडलं. ढगावर पाटा मांडलाय, त्या वाटतायत, पण पाट्यावरचं पांढरं खोबरं आहे की ढग तेच कळत नाही. बाजूला जयवंतराव उकिडवे बसलेत. "आणि एवढ्या वर्षांनी भेटला माणूस तर बोलला काय? म्हणे, मीठ बेताने टाक." मावशी हसता हसता थांबल्या. ऐकताना मलाही खालच्या रस्त्याचे हॉर्न फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते.

घोटाळा झाला तो लिफ्टमध्ये. आमच्याच मजल्यावरच्या राधाबाई भेटल्या आणि मावशी जरा ऐटीत म्हणाल्या, "यंदा माझ्याकडे वजन जास्तीचं आहे."

चाळीत एक रीत होती. कुणीही गावाला निघालं की घरोघरच्या पिशव्या त्याच्याकडे यायच्या. कुणाच्या आईला औषध, कुणाच्या भावाला शर्ट. नेणाऱ्याने नाही म्हणायचं नाही, विचारायचंही नाही. टॉवरमध्ये आलो तरी आमच्या माणसांना विमान म्हणजे जरा लांबची एसटीच. दुसऱ्या दिवशी राधाबाई कुळथाचं पीठ घेऊन आल्या, भाचा डब्लिनलाच आहे म्हणून. मग कुणाच्या सुनेला मसाला, कुणाच्या मुलीला कोकम आणि सुका जवळा, कुणाच्या नातवाला गोधडी. आमच्या एवढ्याशा मजल्याची इतकी पोरं त्या गावात आहेत, हे मला तेव्हाच कळलं.

"मावशी, नाही म्हणा," मी म्हटलं.

"असं कसं? मालवणला जाताना कधी नाय म्हटलं नाय."

"मालवणच्या एसटीला काटा नव्हता."

"बसेल गो. चेपून बसवू."

निघायच्या दिवशी दुपारी निलेश बदलापूरहून आला. बॅगा भरल्या, पट्ट्या आवळल्या, काट्यावर चढवल्या. आकडा बघून निलेशने कपाळाला हात लावला.

"आई, तू मेघनाकडे चाललीयस की तिकडे लालबागची चिवडा गल्ली उघडतेयस?"

"किती जास्त झालं?"

"पाट्याएवढं."

मी घाईने मोबाईल काढला. ते निळ्या बॅगचं पान उघडलं खरं, पण चौकोन सगळे करडे पडले होते. विमान सुटायच्या काही तास आधी वजन विकणं बंद होतं, हे ना मला ठाऊक, ना मावशींना.

"सीमावहिनी, आता काउंटरवर घ्यायचं तर विमानाचं शेपूट विकत घेतल्यासारखं पडेल," निलेश म्हणाला. मग आईकडे वळला. या वेळी त्याचा सूर थट्टेचा नव्हता. "आई, पिशव्या काढूया. ज्याच्या त्याला परत देतो मी. तुला पाटा न्यायचाय ना? मग पाटाच ने."

राधाबाई दारात उभ्याच होत्या. "माझं पीठ आधी काढा हो. भाचा काय उपाशी नाय मरत."

मावशी उघड्या बॅगेपुढे जमिनीवर बसल्या होत्या. जुन्या साड्यांत गुंडाळलेला पाटा तळाशी, त्याच्या पोटात वरवंटा, आणि वर सगळ्यांच्या पिशव्या. त्यांनी कुळथाची पिशवी उचलली, जरा वेळ हातात धरली आणि परत होती तिथे ठेवली.

"भाच्याला फोन केलास?" त्यांनी राधाबाईंना विचारलं.

"केला. रविवारी येतो म्हणाला, बायकोला घेऊन."

"जवळावाली?"

"तिनेपण सांगितलंय पोरीला."

"बघ," मावशी निलेशला म्हणाल्या. "सगळी पिशव्या न्यायला येणार. मेघना नि जावई तिथे दोघंच राहतात. शेजारी कोण, तिला ठाऊक नाय. मी वरवंटा घेऊन उभी राहीन पाळण्याच्या ह्या बाजूला. पलीकडून घ्यायला कोण आहे? ही पोरं आली, तर त्यांना परत बोलावता येईल बारशाला."

खिडकीतून आलेलं ऊन पाट्यावरच्या साडीवर पडलं होतं. जुन्या नऊवारीची जांभळी किनार त्यात पाण्यासारखी हलत होती, निदान मला तशी दिसली.

मावशींनी स्वतःच गाठ सोडली. वरवंटा काढून बाजूला ठेवला, मग निलेशला म्हणाल्या, "धर तिकडून." दोघांनी पाटा उचलून बाहेर काढला. मधोमध वर्षानुवर्षांची ती उथळ बशी झालेली. मावशींनी तिच्यातून तळवा फिरवला, एकदाच, लोणी पुसून घ्यावं तसा. वरवंट्याला गोधडीत घातलं आणि बॅगेच्या मध्ये, पिठाच्या आणि मसाल्याच्या पिशव्यांमध्ये निजवलं. निलेशने वजन केलं. बसलं.

"आई, पाचवीला काय करशील?" त्याने चेन ओढता ओढता विचारलं. आता त्यालाच ते लागलं होतं.

"करीन काय ते. तू चेन बघ, जवळ्याच्या पिशवीत अडकेल."

निलेश आणि राधाबाई बॅगा घेऊन लिफ्टकडे गेले. मावशींनी गॅस पाहिला, देवापुढची समई पाहिली, बाल्कनीचं दार लावलं. तीन महिने घर बंद राहणार होतं. हॉलच्या मोकळ्या फरशीवर पाटा एकटाच होता. मी म्हटलं, "चला मावशी, गाडी थांबलीय." त्या निघाल्या, उंबऱ्याशी थांबल्या, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"सीमा, एक कर. मी येईपर्यंत पाटा तुझ्या घरात ठेव. लेकरू लांब गेलंय, बंद घरात आई एकटी नको."