शेखमामांची लाईन

शेखमामांच्या घरात राऊटरचा प्लग काढायचा झाला तरी आधी चिठ्ठी लिहावी लागायची. थट्टा करत नाही. वहीचा चतकोर कागद फाडून मामा सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'राऊटर बंद करीत आहे. वेळ ४.१०. कारण, खालच्या कॉम्प्युटरला लाईन नाही.' खाली त्यांची सही आणि शेजारी घरात हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची सही. दुसरं माणूस म्हणजे बहुतेक वेळा मामीच. त्या पिठाच्या हातानं 'हमीदा' असं लिहायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "रिटायर होऊन सात वरसं झाली, पर ह्यांची ड्युटी काय सुटंना." काम झालं की त्याच चिठ्ठीवर 'चालू केले' आणि पुन्हा दोन सह्या. मग चिठ्ठी दाराआडच्या खिळ्याला.

मामांची सगळी नोकरी दौंड जंक्शनात, सिग्नल खात्यात गेली. "वायर सोडायची तर स्टेशन मास्तरला लिहून द्यायचं. त्यानं सही केली की मगच हात लावायचा. जोडल्यावर बी तसंच," ते सांगायचे. "तोंडी कामानं माणसं गाडीखाली जात्यात, संजू." आपल्या न्हावऱ्या गावात तुमच्या राऊटरखाली कोण जाणार आहे, असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी त्यांच्या समोरच राहतो. शिरूरला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. पंधरा वर्षं झाली, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन करतो. त्यामुळे आळीत कुणाचं वायफाय रुसलं की मलाच बोलावणं. स्वभाव माझा तापट, आणि घाई तर विचारूच नका. डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा न काढता मी निम्म्या गावाचे कॉम्प्युटर दुरुस्त केलेत. मामांना हे बिलकूल पटायचं नाही. "बस. पाणी पी. मग हात लाव," हे त्यांचं पहिलं वाक्य.

त्यांचा एकुलता एक मुलगा सोहेल. पाबळला टेक्निकल शिकलेला, एमआयडीसीत नोकरीला. हातात जादू होती पोराच्या. माडीवरच्या खोलीत बसून तो दुरुस्तीचे व्हिडिओ बनवायचा. पंखा फिरत नसेल तर काय बघायचं, मिक्सरचा कपलर कसा बदलायचा, पाण्याची मोटर का तापते. प्रत्येकाची सुरुवात तीच, "नमस्कार मंडळी, मी सोहेल, आज आपण उघडणार आहोत..." चाळीसेक झाले होते. एकही कुठं टाकला नव्हता. "पन्नास होऊ दे संजूदादा, मग एकदम चॅनेल काढतो," म्हणायचा. पन्नास व्हायच्या आत कामावरून येताना उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी मागून धडकली. ट्रॉलीला मागं दिवाही नव्हता आणि साधी लाल पट्टीही नव्हती.

तो गेला त्याला वर्ष उलटलं, तेव्हा एक दिवस मामा माझ्या दारात आले. कधी न येणारा माणूस. म्हणाले, "तुझ्या मामीच्या गुडघ्यांना जिना चढवत न्हाई. पोराचं समदं वरच्या कॉम्प्युटरात हाय. ते खाली दिसंल असं काय करता येतंय का?" फोटो नातेवाइकांकडेही होते. पण हलताबोलता सोहेल फक्त त्या व्हिडिओंमध्ये होता.

मग आम्ही दोघांनी मिळून वरचा आणि खालचा कॉम्प्युटर जोडला. मी सांगत होतो आणि मामा स्वतःच्या भाषेत करून घेत होते. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला पिंग करायचं, त्याला ते 'हाक मारणं' म्हणायचे. "आधी दिवे बघायचं. मग वायर बघायची, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात लावून. मग हाक मारायची. ओ दिली तर फाल्ट आपल्या लायनीत न्हाई." मी वर, ते खाली, आणि जिन्यातून आरडाओरडा. "दिसला का?" "दिसला!" "नुसतं दिसला म्हणू नको, नंबर वाचून दाखव!" खालच्याला वरचं उघडेना, तेव्हा मी बाहेरच्याला अडवणारी फायरवॉल सरळ बंद करून टाकायला निघालो. मामांनी माझा हात धरला. "गेटमन झोपवून गाडी काढतोस व्हय रं? त्याला सांग, ह्या दोघांना सोड म्हणावं." बरोबर होतं त्यांचं. शिकवणारा मी, आणि अक्कल त्यांची.

फोल्डर खाली उघडला. मामा उठले आणि खुर्ची मामींना दिली. सोहेल म्हणाला, "नमस्कार मंडळी," आणि मामींनी तोंडाला पदर लावला. मी उगाच वायर गुंडाळत बसलो.

त्यानंतर रोज दुपारी त्यांचं ठरलेलं. "आज पंख्याचा लावा." "आज गिझरचा." बघून बघून मामींनी शेजारच्या काकूंच्या पंख्याचा कंडेन्सर स्वतः बदलला, आणि आख्ख्या आळीला सांगितलं की पोरानं शिकवलं. त्या घरात पुन्हा चहा वेळेवर व्हायला लागला, मामा दाढी करायला लागले. एवढं सगळं त्या एका वायरीवर चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी भांडगावच्या त्यांच्या भाचीची मुलगी कॉलेजला गेली. मामा म्हणाले, सोहेलचा कॉम्प्युटर नुसता वर तापत बसतोय, त्या पोरीला देतो, शिकंल. पण आधी सगळं खालच्यात घेतलं पाहिजे. मी म्हणालो, रविवारी करून देतो. तो रविवार गेला, पुढचाही गेला. क्लासच्या परीक्षा होत्या, दुसरं काय सांगू! शेवटी मामांनी स्वतःच केलं. चार दिवस खपून एकेक व्हिडिओ खाली डेस्कटॉपवर आणला, प्रत्येक उघडून पाहिला, वहीत नाव लिहून पुढं बरोबरची खूण केली. बेचाळीस नावं, बेचाळीस खुणा.

मग वरचा कॉम्प्युटर सोडायची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, ह्या कामाला मामीची सही चालणार न्हाई, जाणकार माणूस पाहिजे. मला बोलावलं. मला शिरूरला पोचायला उशीर होत होता. मी उंबऱ्यातूनच स्क्रीनकडे पाहिलं. ओळीनं सगळी चित्रं दिसत होती. मामांनी एक उघडून दाखवला, सोहेल बोलायला लागला. मी म्हणालो, "झालं की मामा, आलं सगळं," आणि भिंतीवर कागद धरून सही ठोकली. हेल्मेट डोक्यावरच होतं.

त्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता. तो बाण असला की समजायचं, फाईल इथं नाही, ही नुसती वाट आहे, फाईल दुसरीकडे आहे. हे मी पंधरा वर्षं पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मामांनी बेचाळीस वाटा खाली आणल्या होत्या. वरचा कॉम्प्युटर चालू होता तोवर त्या सगळ्या उघडत होत्या. आणि मी सही केली.

वरचा कॉम्प्युटर भांडगावला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून खाली काही उघडेना. 'नेटवर्कवर सापडत नाही' असं पडद्यावर यायचं, त्यावरून मामांना वाटलं, लाईन गेली. मला बोलवायचं नाही, लाईन आपली आहे, असा त्यांचा हट्ट. बारा दिवस त्यांनी दिवे बघितले, वायर बदलली, तिची टोकं पुन्हा बसवली, दौंडला जाऊन नवा राऊटर आणला. पडद्यावर दिसणाऱ्या नंबराला हाका मारत राहिले. ओ येईना. तेराव्या दिवशी मी गेलो, खुर्चीत बसलो, आणि मला तो बाण दिसला.

तसाच उठून भांडगावला गेलो. पोरगी बिचारी आनंदात होती. दुकानात नेऊन तिनं कॉम्प्युटर 'साफ' करून घेतला होता, नवीन सिस्टिम टाकली होती, वर कॉलेजचं काय काय भरलं होतं. डिस्क काढून पुण्याला एका जाणकाराकडे दिली. आठ दिवसांनी तो म्हणाला, "नावं परत आलीत, आत काही नाही." पंखा, मिक्सर, गिझर, मोटर, ही सगळी नावं मी गाडीवर बसून वाचली. मला रडू आलं. लाजही वाटली, आणि लाज जास्त होती.

मामांना ओट्यावर बसवून सांगितलं. ते उठले. आत जाऊन ती चिठ्ठी घेऊन आले. मला वाटलं, आता माझी सही माझ्या तोंडावर मारतील, आणि मारायलाच पाहिजे होती. त्यांनी बोट ठेवलं ते स्वतःच्या सहीवर. "आधी तोडायचं, मग तपासायचं. आख्खी नोकरी हेच केलं दौंडात. आन् घरच्या कामाला जोडलेलं असतानाच तपासलं मी." मी म्हणालो, "मामा, चूक माझी आहे." ते म्हणाले, "तुझी बी हाय. पर आता ती वाटून काय करायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मामीला सांगायचं न्हाई. लाईन खराब हाय, एवढंच."

पुढं दीड वर्ष तो माणूस रोज दुपारी स्टूल घेऊन राऊटरपुढं बसला. झाकण उघडायचा, वायर काढायचा, घालायचा. मामी विचारायच्या, "घावला का फाल्ट?" मामा म्हणायचे, "घावंल." खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना. एक शब्द बोलून मान फिरवायचे. मी गेलो की दोघं मिळून तेच नाटक. एकदा मामी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मला हळूच म्हणाले, "संजू, पोरगं एकदा गेलं ते ट्रॉलीखाली. दुसऱ्यांदा मी माझ्या हातानं घालवलं."

गेल्या हिवाळ्यात मामांच्या छातीत कळ आली. दौंडला नेता नेता वाटेतच गेले.

त्यांचा चाळिसावा दिवस झाला आणि मामींनी मला बोलावलं. "जायच्या आदल्या दिवशी म्हणत हुते, फाल्ट घावत आलाय. आता त्येंच्यामागं तूच बघ बाबा." सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी गेलो होतो. तोंड उघडलं आणि निघालं ते "बघतो, मामी."

आता दर रविवारी मी जातो. स्टुलावर बसतो, वायर काढतो, घालतो. मामी मागं खुर्चीत बसून माझ्या हाताकडे बघत असतात. परवाच्या रविवारी म्हणाल्या, "शिरूरला डोळे दावून आले. मोतीबिंदू हाय म्हणला डाक्टर. या वयात मला कसली आलीय आपरेशनची हौस! पर म्हटलं, तू लाईन लावशील आन् पोरगं मला धुरकट दिसंल. म्हणून तारीख घेऊन आले. पट्टी सुटंस्तवर लावशील न्हवं?"

मी हो म्हणालो.