एक्स-रेत न दिसलेलं, आत्यांनी सांगितलेलं

एक्स-रे नॉर्मल वाटत होता आणि आत्यांना घरी जायची घाई होती. त्यांची सोळा वर्षांची भाची स्वाती कबड्डीत सगळ्यांच्या खाली सापडली होती. दोन दिवसांनी नवा रायपुरला तिची सिलेक्शन ट्रायल होती. "गले के नीचे थोडा दर्द है, बस," ती म्हणाली.

मी हाडांच्या विभागात ज्युनिअर रेसिडेंट. ओपीडीत हिंदीच बोलते, तेही मोजकं. एप्रनवर आडनाव नाही. त्यामुळे तात्यापारा या रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या या आत्यांनी मला परकी धरलं आणि माझ्यासमोरच मराठी सुरू केलं.

"हे पोट्टी कायची डॉक्टर? आवाजच नाही निघून राहिला हिचा."

मी एक्स-रे पाहत राहिले.

"अन् गिळतानी अडकते म्हनून सांगू नको. इथंच ठेवून घेतीन, मंग गेली ट्रायल."

गिळताना अडकतं हे ऐकून मी एक्स-रे खाली ठेवला. कॉलरबोन छातीच्या मधल्या हाडाला मिळते तो सांधा निखळला, तर बहुतेकदा हाड पुढे येतं, उंचवटा दिसतो. क्वचित ते मागे सरकतं. तिथे श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे सहज निसटतं.

"आत्या," मी मराठीत विचारलं, "केव्हापासून अडकतंय तिला?"

आत्यांनी आधी माझ्याकडे, मग पंख्याकडे पाहिलं.

"तुमी आपल्यातल्याच काय?"

"हव."

"मंग पहिले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलत होत्या."

आमच्या युनिटच्या सरांना फोन केला. एक्स-रे तर ठीक आहे ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एक्स-रे ठीक है सर, पेशंट नहीं."

सीटी स्कॅनमध्ये हाड मागे गेलेलं दिसलं. मोठ्यांमध्ये अशा वेळी सांध्याचे बंध फाटतात. स्वातीच्या वयात हाडाचं टोक अजून वाढत असतं, म्हणून बऱ्याचदा सांधा शाबूत राहतो आणि वाढीची कूर्चा तुटते. लवकर जागेवर आणलं तर ती छान जुळते.

भूल दिली. पाठीखाली मधोमध टॉवेलची गुंडाळी ठेवून सरांनी तिचा हात बाहेर आणि मागे ओढला. खट् झालं. रक्तवाहिनीला काही झालंच तर म्हणून बोलावलेले छातीचे सर्जन हात बांधून उभे होते, तसेच परत गेले. आमच्याकडे यालाच यश म्हणतात.

ट्रायल गेली. संध्याकाळी स्वाती घशात न अडकता पाणी प्यायली आणि मग ट्रायलसाठी रडली.

पेशंट डॉक्टरला सांगतो ती अर्धी हिस्टरी. उरलेली तो नातेवाइकांना सांगतो.

फॉलोअपला आत्या स्वातीच्या कानाशी आता छत्तीसगढीत कुजबुजत होत्या. हाड जागेवर राहावं म्हणून दिलेला खांद्यांचा पट्टा ती घरी काढून ठेवते, हे मला कळू द्यायचं नव्हतं. मी पट्टा घट्ट केला आणि तो काढला तर काय होतं, ते मराठीत समजावलं.

छत्तीसगढीही मला येते. ते अजून सांगितलेलं नाही.